पाणी सोडणाऱ्याचा पगार कुठून येतो?

चिपळूणहून महामार्गाने संगमेश्वरच्या दिशेला निघालं की सावर्डे लागतं. कोकण रेल्वेचं स्टेशन, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली बाजारपेठ, सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयं, खैराच्या लाकडापासून कात काढणारे कारखाने, शेजारच्या डेरवणला वालावलकर रुग्णालयात जाण्यासाठी इथे उतरणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. रोजची वर्दळ एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाला शोभेल अशी आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा आहे. अशा गावात कचरा उचलणं, वाडीवाडीला पाणी सोडणं, रस्त्यावरचे दिवे सांभाळणं, दाखले देणं, घरपट्टी गोळा करणं ही कामं मूठभर माणसं करतात. त्यांना वर्षभर काय मिळणार हे नव्या आर्थिक वर्षाआधी तयार होणाऱ्या अंदाजपत्रकात ठरतं.

हे अंदाजपत्रक आणि त्यातली पगाराची ओळ यांवर महाराष्ट्रात कित्येक वर्षं वाद चालू आहे. कर्मचारी संघटना मोर्चे काढतात, सरपंच परिषदा निवेदनं देतात, शासन निर्णय निघतात, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. हा वाद आज कुठवर आला आहे याचा हा आढावा आहे. नजरेसमोर सावर्डे आहे, पण प्रश्न राज्यातल्या सगळ्याच मोठ्या गावांचा आहे.

वतनापासून वेतनापर्यंत

गावाची कामं करणाऱ्याला रोख पगार देण्याची पद्धत फार जुनी नाही. पूर्वी गावकीची कामं वतनावर चालत. सरकारी निरोप पोचवणं, राखण करणं, मेलेली जनावरं ओढणं ही कामं ठरावीक जातींच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलेली होती. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि घरोघरचं बलुतं मिळे. बलुतं किती आणि कधी द्यायचं हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. काम नाकारण्याची सोय मात्र नव्हती. ज्यांचं मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. महार वतनदाराकडून कितीही राबवून घ्यायचं आणि त्या बदल्यात जवळपास काहीच द्यायचं नाही, या व्यवस्थेवर त्यांचा रोख होता. विधेयक तेव्हा पुढे सरकलं नाही. कनिष्ठ वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

मुंबई ग्रामपंचायत अधिनियमही १९५८ चाच. आजचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम तो हाच. हे दोन कायदे एकत्र ठेवून क्वचितच वाचले जातात, पण पगाराच्या प्रश्नाचं मूळ मला त्यांच्या जोडीत दिसतं. एका कायद्याने गावाचं काम जातीच्या बंधनातून सोडवलं. दुसऱ्याच्या कलम ६१ ने ग्रामपंचायतीला स्वतःचे नोकर नेमण्याचा आणि त्यांना ग्रामनिधीतून पगार देण्याचा अधिकार दिला. ग्रामनिधी मात्र सुरुवातीपासून तुटपुंजाच राहिला. त्यामुळे झाडू मारणाऱ्याचा आणि पाणी सोडणाऱ्याचा मोबदला कागदावर वेतन झाला, तरी व्यवहारात बराच काळ ‘गावाला जमेल तेवढं’ असाच राहिला.

पुढची पावलं माहितीतली आहेत. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय पंचायतींकडे सोपवता येतील अशी तरतूद झाली आणि राज्य वित्त आयोगाची व्यवस्था आली. विषय आले, पण त्या विषयांसाठी लागणारी माणसं कुठल्या पैशातून नेमायची हे बहुतांशी राज्यांवर सोडलं गेलं.

अंदाजपत्रक कसं तयार होतं

अंदाजपत्रकाची तरतूद याच अधिनियमाच्या कलम ६२ मध्ये आहे. ते तयार करण्याचं काम व्यवहारात सचिवाकडे, म्हणजे आजवर आपण ज्यांना ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत आलो त्यांच्याकडे, असतं. या दोन्ही पदांचं एकत्रित नाव २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं झालं. २०११ च्या लेखासंहितेत ३३ नमुने आहेत आणि त्यातला पहिलाच नमुना अर्थसंकल्पाचा आहे. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. पंचायतीच्या मासिक सभेत त्यावर चर्चा होते, पंचायत समितीकडे ते जातं, आणि गावाचा पैसा कुठे जाणार हे विचारायला ग्रामसभा असतेच.

जमेच्या बाजूला ढोबळमानाने दोन प्रकारचा पैसा दिसतो. एक स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं, दाखल्यांची फी. दुसरा वरून येणारा: वित्त आयोगाचा निधी, मुद्रांक शुल्काचा आणि जमीन महसुलाचा वाटा, वेगवेगळ्या योजनांची अनुदानं. या दोन पैशांची जात वेगळी आहे आणि सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२०-२१ ते २०२५-२६ या काळासाठी होता. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतींना मिळत असे. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या वाट्याला प्रत्येकी १० टक्के येत. पहिलं वर्ष सोडलं तर ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेली होती. उरलेली ४० टक्के अबंधित होती, पण तिच्यावरही एक अट होती: पगार आणि आस्थापना यांवर ती खर्चायची नाही. त्यामुळे गटार बांधायला पैसा मिळतो, ते साफ करणाऱ्याच्या पगाराला मिळत नाही. पाण्याची टाकी उभी राहते, व्हॉल्व फिरवणाऱ्याचं वेतन स्वतःच्या करातून काढावं लागतं. आयोगांनी ही अट घातली कारण अन्यथा सगळा निधी पगारातच संपेल ही भीती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरी परिणाम असा झाला की गावात मालमत्ता वाढत गेल्या आणि त्या चालवणारी माणसं तेवढीच राहिली.

शंभर रुपयांचा हिशेब

स्वनिधीचे शंभर रुपये गोळा झाले असं धरू. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवावे लागतात. तीस रुपये असे बाजूला गेले. या तरतुदींना माझा विरोध नाही. उलट बऱ्याच गावांत त्या कागदावरच राहतात ही खरी तक्रार आहे. पगारावर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये अशी मर्यादा आहे. म्हणजे फार तर पस्तीस रुपये वेतनाला. राहिले पस्तीस. त्यातून पथदिव्यांचं आणि पंपाचं वीजबिल, पाइपलाइन फुटली तर दुरुस्ती, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, घंटागाडीचं डिझेल, कार्यालयाचा खर्च आणि सभा-समारंभ.

वीजबिलाची गोष्ट २०२१ मध्ये सगळ्या राज्याने पाहिली. थकबाकीपोटी गावोगावचे पथदिवे तोडले गेले, आणि शेवटी वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरायला परवानगी देण्यात आली. सरपंचांनी त्याला विरोध केला, कारण विकासकामांचा पैसा बिलात जाणार होता. या प्रसंगातून एक गोष्ट दिसली. अडचण फार झाली की वीज कंपनीच्या देण्यासाठी निधीची अट सैल करता येते. पगाराच्या बाबतीत तशी सवलत मिळाली नाही.

आणि हे शंभर रुपये तरी पूर्ण येतात का? अंदाजपत्रकात बहुतेक वेळा ‘मागणी’ धरली जाते, म्हणजे चालू वर्षाचा कर आणि मागची थकबाकी मिळून जे यायला हवं ते. प्रत्यक्षात ‘वसुली’ कमी होते. कोकणात याला आणखी एक कारण आहे. निम्मी घरं बंद, मालक मुंबईला, सातबारावर आणि करआकारणीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आजोबांचं नाव, आणि त्या एका घरात पाच भावांचा हिस्सा. पट्टी कोणी भरायची हेच ठरलेलं नसतं. म्हणून वसुलीचा खरा हंगाम गणपतीत आणि शिमग्याला, चाकरमानी गावी आले की. सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला पाच टक्के सूट आहे, पण तिचा लाभ घेणारे थोडेच.

करआकारणीची पद्धतही २०१५ च्या अखेरीस बदलली. क्षेत्रफळावर आधारलेली जुनी पद्धत न्यायालयात टिकली नाही, म्हणून भांडवली मूल्यावर आधारलेले नवे नियम आले. महामार्गालगतच्या गाळ्यांची किंमत वाढते तसा त्यांचा कर वाढायला हवा, हे या नियमांमागचं तत्त्व. सावर्डेसारख्या बाजाराच्या गावाला त्याचा फायदा व्हायला हवा. पण महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची बांधकामं जातात, नवी मागे सरकून उभी राहतात, आणि फेरआकारणी वेळेत झाली नाही तर गेलेल्या घराची नोंद पुस्तकात तशीच राहते आणि नव्या इमारतीची होत नाही. शिक्षण आणि धर्मादाय कामासाठीच्या इमारतींना किती कर लावावा हाही जुना प्रश्न आहे. अशा संस्थांमुळे गाव वाढतं हे खरं, आणि त्या वाढीचा कचरा ग्रामपंचायतीलाच उचलावा लागतो हेही खरं. डेरवण तर वेगळं गाव आहे. तिथल्या रुग्णालयाकडे जाणाऱ्या वर्दळीचा भार सावर्डेच्या बाजारावर पडतो, पण भार पडतो म्हणून कर मिळत नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशभरातल्या पंचायतींच्या एकूण महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. साधारण ८० टक्के पैसा केंद्राच्या आणि १५ टक्के राज्यांच्या अनुदानातून येतो. पगार ज्या पैशातून द्यायचा तो पैसा इतका लहान आहे.

किमान वेतन आणि राज्याचा हिस्सा

ग्रामपंचायतीतल्या नोकरीला १९४८ चा किमान वेतन कायदा लागू झाला ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी घडामोड. ऑगस्ट २०२० च्या अधिसूचनेने हे दर शेवटचे मोठ्या प्रमाणात सुधारले गेले. लोकसंख्येप्रमाणे गावांची परिमंडळं आणि कामाप्रमाणे कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी त्यात आहे. मूळ दरावर महागाईनुसार बदलणारा राहणीमान भत्ता मिळतो.

हा बोजा एकट्या ग्रामपंचायतीला पेलणार नाही हे शासनाने मान्य केलं आणि किमान वेतनाचा काही हिस्सा राज्याच्या तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. मोठ्या गावांना निम्मा, मधल्यांना तीन चतुर्थांश, लहानांना पूर्ण, असं त्याचं प्रमाण. ही रक्कम आता ऑनलाइन पद्धतीने थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि याने मोठा फरक पडला. सरपंच बदलला की पगार अडला, अशी परिस्थिती पूर्वी सर्रास असे.

पण या व्यवस्थेत तीन अडचणी आहेत. राज्याचा हिस्सा आकृतिबंधात बसणाऱ्या, म्हणजे लोकसंख्येप्रमाणे मंजूर झालेल्या पदांपुरताच मिळतो. प्रत्यक्ष काम करणारे त्याहून जास्त असतात आणि त्यांचा पूर्ण भार स्वनिधीवर पडतो. राहणीमान भत्ता आणि भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा ग्रामपंचायतीने द्यायचा असतो, आणि थकतो तो नेमका हाच. तिसरी अडचण वसुलीच्या अटीची: करवसुली ठरलेल्या प्रमाणाखाली गेली की राज्याचा हिस्सा कमी होतो.

कोण काय म्हणतं

कर्मचारी संघटनांचं म्हणणं सरळ आहे. काम कायम स्वरूपाचं आहे, तर वेतनश्रेणी द्या. नगरपरिषदेचा सफाई कामगार आणि ग्रामपंचायतीचा सफाई कामगार यांच्या हातातला झाडू एकच आहे. चिपळूण नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांना राज्याच्या सहायक अनुदानाचा आधार आहे आणि २०१९ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांना सातवा वेतन आयोग लागू झाला. त्याच महामार्गावर थोडं दक्षिणेला आलं की किमान वेतनावर भांडावं लागतं. वेतनश्रेणीबाबतच्या यावलकर समितीच्या शिफारशी लागू करा आणि वसुलीची अट काढा, या मागण्या संघटनांच्या निवेदनांत वर्षानुवर्षं आहेत. जिल्हा परिषदेच्या वर्ग ३ आणि ४ च्या पदांत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत, पण भरतीच रखडली की त्या राखीव जागांना अर्थ उरत नाही.

शासनाची बाजू अशी: हे राज्य शासनाचे नोकर नाहीत, ते स्वायत्त संस्थेने नेमलेले आहेत. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. सगळ्यांच्या आस्थापनेची जबाबदारी राज्याने उचलली तर नेमणुकांवरही राज्याचंच नियंत्रण येईल, आणि मग स्वायत्तता कसली? वसुलीची अट काढली तर कर गोळा करण्याची उरलीसुरली इच्छाही जाईल. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. ओळखीचा मतदार दारात भेटतो तिथे सरपंचाला पट्टी वाढवणं आणि वसूल करणं किती कठीण जातं, हे कोणत्याही गावात दिसतं.

सरपंच आणि सदस्यांची कुचंबणा वेगळी. कामं वरून वाढत जातात. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचं लक्ष्य ठरलं, आणि योजना पूर्ण झाल्यावर ती चालवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची. पंप चालवणारा आणि वाडीवाडीत पाणी सोडणारा माणूस गावानेच ठेवायचा. संगणक परिचालकाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. गावात दाखले देणारं ‘आपले सरकार’ सेवा केंद्र तो चालवतो. या केंद्रासाठी ग्रामपंचायतीच्या पैशातून दरमहा १२,३३१ रुपये जात होते आणि परिचालकाच्या हातात त्यातले सहा-सात हजारच पडत. मधल्या रकमेचं काय होतं हा प्रश्न परिचालक आणि सरपंच दोघांनीही विचारला. २०२४ मध्ये सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट झालं. आठ हजारांहून जास्त लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाचं मानधन पाच हजारांवरून दहा हजारांवर गेलं. मानधन वाढायला हवंच होतं. पण कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी तेव्हाही बाजूलाच राहिली.

आणि करदाता? तो म्हणतो, आधी पाणी वेळेवर द्या, मग पट्टी मागा. ग्रामपंचायत म्हणते, पट्टी भरा, मग पाणी देऊ. या फेऱ्यात सगळ्यात आधी पिळला जातो तो पाणी सोडणारा, कारण शिव्या खायला दारात तोच उभा असतो.

नगरपंचायत झाली तर?

मोठ्या गावांत हा पर्याय नेहमी चर्चेत येतो. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर, दापोली, देवरुख, लांजा, मंडणगड या गावांच्या नगरपंचायती झाल्या. निधीचे नवे मार्ग उघडतात, पदांचा नवा आकृतिबंध येतो. पण जुन्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचं समावेशन शैक्षणिक पात्रता, मंजूर पदं आणि नेमणुकीच्या कागदपत्रांवर अवलंबून असतं, आणि ज्याच्या नेमणुकीचा ठरावच नीट झालेला नाही तो वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो. करही वाढतो. म्हणून हा पर्याय पगाराच्या प्रश्नावरचं उत्तर म्हणून विकला जाऊ नये असं मला वाटतं. त्याचे फायदे-तोटे वेगळे आहेत आणि ते वेगळेच तपासावेत.

काय सुटलेलं नाही

किमान वेतन देण्याची ऐपत नाही ही सबब चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने उद्योगांच्या बाबतीत फार पूर्वीच सांगितलं आहे. कारखाना बंद करता येतो, ग्रामपंचायत बंद करता येत नाही. मग ३५ टक्क्यांची मर्यादा आणि किमान वेतनाचं बंधन समोरासमोर आले तर कोण मोठं? कायद्याने पाहिलं तर वेतन. व्यवहारात पगार थकवून मर्यादा पाळली जाते.

२०२० चे दर सुधारायची पाच वर्षांची मुदत उलटून गेली आहे. दरम्यान २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. संहितेतही पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार अपेक्षित आहे. नवे दर येतील तेव्हा राज्याचा हिस्सा त्याच प्रमाणात वाढणार की जुन्याच आकड्यावर थांबणार, यावर पुढच्या अंदाजपत्रकांचं गणित ठरेल. सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड १ एप्रिल २०२६ पासून आहे. त्याच्या निधीला पगाराबाबत कोणती अट आहे, हेही या गणितात धरावं लागेल.

या सगळ्या मतांतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. वसुलीची अट ग्रामपंचायतीला लावायची असेल तर तिच्या विकासनिधीला लावावी, सदस्यांच्या भत्त्यांना लावावी. गटार उपसणाऱ्याच्या पगाराला लावू नये. घरपट्टी ठरवणं त्याच्या हातात नाही, जप्तीचं वॉरंट काढणं त्याच्या हातात नाही, आणि थकबाकीदाराला नोटीस न देण्याचा निर्णयही त्याचा नाही. शासनाची करवसुलीची चिंता रास्त आहे, तिचा भार मात्र चुकीच्या खांद्यावर ठेवलेला आहे. बाकी मुद्द्यांवर, म्हणजे वेतनश्रेणी द्यावी की किमान वेतनच पूर्ण द्यावं, आकृतिबंध लोकसंख्येवर ठेवावा की प्रत्यक्ष वर्दळीवर, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे. सावर्डेसारख्या गावाची लोकसंख्या जनगणनेत मोजली जाते. बाजाराच्या दिवशी, कॉलेज सुटताना आणि रुग्णालयाच्या वाटेवर असलेली माणसं त्यात नसतात.

वाचकांनी एवढं करावं. गावच्या पुढच्या ग्रामसभेत अंदाजपत्रकाची, म्हणजे नमुना १ ची, प्रत मागा. जमेच्या बाजूला घरपट्टीची मागणी किती आणि मागच्या वर्षीची प्रत्यक्ष वसुली किती ते पाहा. खर्चाच्या बाजूला कर्मचाऱ्यांचं वेतन, राहणीमान भत्ता आणि भविष्य निर्वाह निधी या तीन ओळी वाचा आणि त्यातलं किती महिन्यांचं देणं बाकी आहे ते सचिवांना विचारा. आपली स्वतःची पट्टी भरलेली आहे ना, हे घरून निघण्याआधी पाहून जा.